‘नृत्य व तत्सम प्रकार’ बंद करणाऱ्या आमच्या कमिटीला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष साहेब, सेक्रेटरी साहेब, खजिनदार आणि कमिटीतले सगळे मेंबर,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबणार आहे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा. मी 34 वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, ट्रंक कॉलच्या जमान्यात लोकांना ‘तीन मिनिटं झाली, आवरा’ असं सांगण्यातच माझी अर्धी नोकरी गेली, त्यामुळे आता रिटायर झाल्यावर मला कोणी आवरा म्हणायचं नाही असं मी ठरवलंय.

तर विषय तुम्हाला माहितीच आहे. गेल्या महिन्यात लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली, तीच मग ग्रुपवर आली. ‘ज्येष्ठ सभासदांची सुरक्षितता, इतर सभासदांना होणारा त्रास व सोसायटीची प्रतिष्ठा लक्षात घेता क्लबहाऊसमध्ये नृत्य व तत्सम प्रकार पुढील सूचना मिळेपर्यंत बंद करण्यात येत आहेत. इच्छुकांनी योगासने, प्राणायाम अथवा भजन करावे, त्यासाठी हॉल उपलब्ध राहील.’ खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित.

हे ‘तत्सम प्रकार’ म्हणजे नक्की काय हो? मी दोन दिवस विचार करत होते. आम्ही मंगळवार-शुक्रवार पाच ते सहा जे करतो त्यात झिम्मा असतो, फुगडी असते, पिंगा असतो, आगोटापागोटा असतो, नवरात्र जवळ आलं की गरब्याच्या स्टेप्स असतात, आणि शेवटची दहा मिनिटं जुनी हिंदी गाणी लावून ज्याला जसं येईल तसं. डी विंगच्या वहिनी मूळच्या फोंड्याच्या, त्यांनी आम्हाला गोव्याकडची कळशीफुगडी करून दाखवली, कळशीच्या तोंडात फुंकर मारत ठेका धरायचा असतो त्यात, आमच्यातल्या निम्म्यांची फुंकर पुरेना आणि उरलेल्या निम्म्यांना हसू आवरेना. हे सगळं तत्सम असेल तर असो बापडं.

तुमची तीन कारणं आहेत, सुरक्षितता, त्रास, प्रतिष्ठा. मी उलटीकडून घेते, कारण खरं कारण शेवटचं आहे हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही एका लावणीवर नाचलो, त्याचा व्हिडिओ कोणीतरी काढला आणि तो आधी आपल्या ग्रुपवर, मग शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग कुठे कुठे फिरला. त्याखाली ‘या वयात हे शोभतं का’ असं लिहिणारे आले, ‘आज्या जोरात’ म्हणणारे आले, डोळा मारलेले चेहरे टाकणारेही आले. त्यानंतर कमिटीतल्या एकांनी माझ्या जावयाला फोन करून ‘जरा समजावा’ असं सांगितलं. मला नाही, जावयाला! मी 64 वर्षांची आहे, माझा मेंटेनन्स मीच भरते, फ्लॅट माझ्या नावावर आहे, आणि समजवायला जावई. तो बिचारा मला फोन करून म्हणाला, आई, व्हिडिओ मस्त होता, पण लाइटिंग कमी पडलं.

आता थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. विसर्जनाच्या दिवशी गेटपासून चौकापर्यंत दीड तास कोण नाचतं? डोक्याला रुमाल बांधून, गुलालानं लाल होऊन, डीजेच्या भिंतीसमोर? मागच्या वर्षी सेक्रेटरी साहेबांचा नागीण डान्स आम्ही सगळ्यांनी बाल्कनीतून बघितला आणि खरं सांगते, मला फार आवडला. ऑफिस, ईएमआय, लिफ्टवाल्याशी भांडण, टँकरवाल्याशी भांडण, सगळं त्या दहा मिनिटांत तुमच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी कोणी प्रतिष्ठेची नोटीस लावली नाही. पुरुष रस्त्यावर नाचले की उत्साह, आणि बायका बंद हॉलमध्ये नाचल्या की तत्सम प्रकार, हा हिशोब खजिनदारांनी एकदा मला समजावून द्यावा.

आपल्याकडे नाचणं आणि चांगल्या घरची बाई या दोन गोष्टींचं वाकडं फार जुनं आहे. पण त्याच चांगल्या घरांमधून मंगळागौरी रात्रभर जागवल्या गेल्या ना. माझं आजोळ वाईजवळ. श्रावणातल्या मंगळवारी वाड्यात नव्या नवरीची मंगळागौर असली की संध्याकाळी जेवणं उरकून जे सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत. एरवी आजी आणि तिच्या जावा डोक्यावरचा पदर ढळू द्यायच्या नाहीत, सासऱ्यांसमोर आवाज काढायच्या नाहीत, आणि त्या रात्री पदर खोचून उकिडवं बसून कोंबड्यासारख्या उड्या मारत ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या. साठीतली बाई! नातसुना दमायच्या आणि ती म्हणायची, काय गं, एवढ्यात? आता मुली जिममध्ये पैसे भरून स्क्वॉट मारतात तेव्हा मला आजीची बसफुगडी आठवते. नाव कोणी व्यायाम असं दिलं नव्हतं, दिलं असतं तर तेव्हाही कोणीतरी बंद केलं असतं.

आवाजाचं थोडक्यात उरकते. सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत, त्यात राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. आम्ही संध्याकाळी 5 ला सुरू करून 6 ला बंद करतो. नातवाकडून मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप घेतलं आणि हॉलचं दार लावून बाहेर कॉरिडॉरमध्ये मोजलं, 50 च्या आसपास दाखवत होतं. अॅप काही सरकारी यंत्र नव्हे, मान्य, पण त्याच अॅपवर शेजारच्या फ्लॅटमधला मिक्सर 70 च्या पुढे गेला आणि चटणी वाटायला अजून नोटीस लागलेली नाही. तरीही कोणाच्या मुलाची परीक्षा असेल तर दारावर चिठ्ठी लावा, आम्ही स्पीकर बंद करून टाळ्यांवर करू. झिम्म्याला स्पीकर लागतच नाही मुळात.

आता सुरक्षितता. इथे मी तुमच्याशी भांडणार नाही, कारण मार्चमध्ये आमच्यातल्या एक काकू पडल्या हे खरं आहे. मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. पण त्या पडल्या कशा ते नोटिशीत आलेलं नाही. त्या नाचताना पडल्या नाहीत. नाच संपल्यावर पाण्याची बाटली आणायला निघाल्या आणि हॉलच्या दाराकडचा जो लाल कार्पेट आहे, ज्याचा कोपरा दोन वर्षं वर वळलेला आहे, ज्याबद्दल आम्ही दोनदा लेखी दिलंय, त्यात पाय अडकला. बंद काय झालं? नाच. कार्पेट तिथेच आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो, इथे नाचता येत होतं आणि अंगण खरंच वाकडं होतं.

आणि उलट विचार करा. म्हातारपणी माणूस पडतं ते बहुतेक वेळा बाथरूममध्ये, उंबरठ्यावर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, अंधारात. बायकांना पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं विरळ व्हायला लागतात, त्यामुळे साधं पडणंही खुब्यावर येतं. हाडाला टिकायचं तर त्याच्यावर वजन पडावं लागतं, आपटावं नाही पण दाबावं लागतं. पोहणं चांगलंच आहे पण पाण्यात हाडावर वजन येत नाही. नाचात येतं, आणि नुसतं खाली-वर नाही, आजूबाजूला येतं, मागे जाताना येतं, वळताना येतं. चालताना आपण कधी मागे चालतो का? झिम्म्यात चालतो. तोल जातो तेव्हा माणसाला मागे किंवा बाजूला पटकन पाऊल टाकता आलं पाहिजे, तेच पाऊल आम्ही आठवड्यातून दोनदा गिरवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली ज्या सूचना काढल्या त्यात 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम करावा असं सांगितलंय. आम्ही दोनच दिवस करत होतो, तिसरा दिवस मागायला येणारच होतो तर नोटीस लागली.

सी विंगमधली एक मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्या आईमुळे ती आमच्याकडे यायला लागली आणि आता तीच सुरुवातीची दहा मिनिटं घेते. तिनं पहिल्या दिवशी आमची परीक्षा घेतली. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय उचलून त्याच पायाच्या मागे लावायचा, हात खाली, नजर समोर, 10 सेकंद. ऐकायला पोरखेळ वाटतो. ती म्हणाली ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1,702 लोकांना हेच करायला लावलं होतं, 2022 साली तो अभ्यास छापून आला, त्यात साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बऱ्यापैकी जास्त निघालं. म्हणजे एका पायावर उभं राहिलं की यम येत नाही असं नव्हे हं, नाहीतर उद्या तुम्ही ज्येष्ठांनी बगळ्यासारखं उभं राहावं अशी नोटीस काढाल. तोल हा सगळ्या शरीराचा जमाखर्च आहे, डोळे, कानातला तोल, पायाचे स्नायू, मेंदू, सगळ्यांची सही त्याच्यावर लागते, कोणी एक आजारी असलं की चेक बाउन्स.

आम्ही त्या दिवशी चौदा जणी होतो, सहा जणींना जमलं नाही. मी त्यातली एक, 4 सेकंदांत खुर्ची धरली. आठ महिन्यांनी परत केलं तेव्हा दोघी सोडून सगळ्या पार. माझे 17 झाले. ग्रुपवर टाकलं नाही कारण म्हटलं उगीच दृष्ट. तुमच्यापैकी किती जण करून बघताय आत्ता? खुर्चीजवळ उभे राहा मात्र. आणि हो, चप्पल काढून.

माझी शुगर पण आली खाली, पण तिचं श्रेय मी पूर्ण नाचाला देणार नाही, डॉक्टरांनी गोळी पण बदलली होती त्याच सुमारास. गुडघे दुखायचे थांबले का? नाही. अजून दुखतात. फरक एवढाच की आधी गुडघा दुखतो म्हणून मी बसायचे आणि बसल्यामुळे गुडघा अजून धरायचा, आता दुखतो तरी जिना चढते. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्याचा भार कमी होतो असं ती मुलगी म्हणते.

तुम्ही म्हणाल मग योगासनं करा, भजन करा, हॉल देतोच आहोत. अहो करतो की आम्ही तेही. मी स्वतः सकाळी प्राणायाम करते, बी विंगचं भजनी मंडळ आमच्याच बायकांनी चाललंय. पण योगासनात माझी चटई वेगळी, तुमची चटई वेगळी. डोळे मिटायचे, आपापल्या श्वासाकडे बघायचं. एकटं राहणाऱ्या बाईला दिवसभर आपल्याच श्वासाकडे बघायचं असतं हो, अजून किती बघायचं.

फुगडी कशी असते ते सांगते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लग्नातल्या फोटोपुरतीच खेळली असेल. समोरासमोर उभं राहायचं, पावलं जवळजवळ, माझ्या पायाचे अंगठे तुमच्या अंगठ्यांना भिडलेले. हात कैचीसारखे, उजव्यात उजवा, डाव्यात डावा, आणि नुसती बोटं नाही, मनगटापाशी पक्कं धरायचं. मग मागे रेलायचं. इथेच नवीन बायका घाबरतात. कमरेत वाकतात, पाठ पोक काढतात, जवळ येतात. जवळ आलं की फुगडी होत नाही, धक्काबुक्की होते. पूर्ण मागे रेलायचं, हात ताठ, आता तुम्हाला मागे पडू देत नाहीये ते फक्त समोरच्या बाईचं वजन, आणि तिला तुमचं. मग पावलं छोटी छोटी टाकत फिरायचं, वेग आपोआप येतो, मागची खिडकी, पंखा, दार, नोटीस बोर्ड सगळं एकमेकांत मिसळून जातं, दिसतो तो फक्त समोरचा चेहरा, तेवढाच एक स्थिर असतो. आम्ही या वयात चार गिरक्याच घेतो, सावकाश, बाजूला दोघी उभ्या असतात धरायला, आणि ज्यांची हाडं फार विरळ आहेत किंवा चक्कर येते त्यांना फुगडी नाही, त्यांना झिम्मा. नियम आहेत आमचे, तुमच्या उपविधींपेक्षा कडक.

तर बी विंगच्या एक काकू. वय 71, तीन वर्षांपूर्वी काका गेले, मुलगा बाहेरच्या देशात, बोलायला कमी, आमच्याकडे पहिले दोन महिने नुसत्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. एका शुक्रवारी स्वतःच उठल्या आणि माझ्यापुढे हात केले. चार गिरक्या झाल्या, आम्ही थांबलो, पण त्या हात सोडेनात. मला वाटलं चक्कर आली, म्हटलं बसता का, पाणी देऊ का. तर म्हणाल्या नको गं, थांब जराशी. बाकीच्यांनी झिम्मा सुरू केला, आम्ही दोघी तशाच मध्ये उभ्या. मग हात सोडून म्हणाल्या, तुझे हात फार खरखरीत आहेत, रात्री तेल लावत जा.

घरी येऊन मी हिशोब केला. कामवाली भांडी घासून जाते, वॉचमन दुधाची पिशवी दाराला लावतो, मुलगा स्क्रीनवर दिसतो. महिन्याभरात त्यांच्या हाताला लागलेलं म्हणजे डॉक्टरांच्या बीपी मशीनचा तो पट्टा, तेवढाच. त्या पट्ट्यावरून आठवलं, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळेतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता, 2015 साली छापून आला. मुलांना गटागटानं नाचवलं, काही गट सगळे मिळून एका तालात, काही गट ज्याचं त्याचं वेगळं, काही उभं राहून जोरात, काही बसून नुसते हात हलवत. आधी आणि नंतर दंडाला बीपीचा पट्टा बांधून तो फुगवत न्यायचे, सहन होईना की सांगायचं. एका तालात नाचलेल्यांना नंतर जास्त दाब सहन झाला, आणि गटातल्या इतरांबद्दल आपलेपणा पण जास्त वाटला. जोरात हललं की दुखणं सोसतं हे समजू शकतं, पण नुसतं एका तालात असल्यामुळे पण सोसतं, श्रमाचा भाग वेगळा काढला तरी. शरीरात एंडॉर्फिन नावाचं जे घरचं औषध तयार होतं त्याचा तो परिणाम असावा असं ते म्हणतात. वारीत पावली खेळताना पायाला फोड आलेले लोक पण कसे उड्या मारतात ते बघितलंय मी, वाखरीला, त्यांना हे ऑक्सफर्डनं सांगायची गरज पडली नव्हती.

अजून दोन माणसांबद्दल सांगते आणि मग मागणीवर येते.

पहिल्या सी विंगच्या आजी, 78. त्यांना विसरायला होतं, डॉक्टर चालू आहेत. चहा घेतला का हे आठवत नाही, सुनेला कधी कधी बहिणीच्या नावानं हाक मारतात. पण झिम्म्याची गाणी लागली की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोंडपाठ, आणि कुठे टाळी, कुठे गिरकी, कुठे बसायचं, एक चूक नाही, उलट आम्ही चुकलो की डोळे वटारतात. पायांना आठवतं ते वेगळ्या कप्प्यात असतं बहुतेक. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 75 च्या पुढच्या 469 लोकांकडे डॉक्टरांनी पाचेक वर्षं लक्ष ठेवलं होतं, 2003 साली त्याचं छापून आलं. चालणं, पोहणं, सायकल, घरकाम, जिने चढणं अशा अंगमेहनतीच्या 11 गोष्टींपैकी स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी नाव जोडलं गेलं ते फक्त नाचाचं. वाचन, पत्ते-बुद्धिबळासारखे खेळ आणि वाद्य वाजवणं यांचंही निघालं, पण ते बसून करायचे. आता ज्याचं डोकं शाबूत आहे तोच नाचायला जातो असंही असू शकतं, तेव्हा नाचलं की विसरायला होणार नाही अशी हमी मी देत नाही, आणि आजींचा आजार नाचानं बरा होईल असं तर मुळीच नाही. मी एवढंच बघते की त्या एका तासात आजी कोणाच्या पेशंट नसतात. त्या आमच्या मास्तरीण असतात. नोटीस लागल्यावर पहिल्या मंगळवारी त्या पाच वाजता साडी बदलून हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना नोटीस सांगितली होती, त्या विसरल्या. पुढच्या शुक्रवारी परत आल्या. कुलूप बघून वॉचमनला ओरडल्या. हे कमिटीपैकी कोणी बघितलं नाही म्हणून लिहिते.

दुसरे ए विंगचे काका. हो, आमच्याकडे एक पुरुषही आहेत, एकच. त्यांना पार्किन्सन्स आहे. तुम्ही त्यांना लिफ्टसमोर बघितलं असेल, दार उघडतं आणि काका हलत नाहीत, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, मागचे लोक ‘चला काका’ म्हणतात आणि मग अजूनच चिकटतात. ते मुद्दाम करत नाहीत हो. त्या आजारात पाऊल आपोआप सुटतच नाही, उंबरठा आला, दार आलं की गोठतं. पण बाहेरून ठेका मिळाला, कोणी एक-दोन एक-दोन म्हटलं, गाणं लागलं, की तेच पाय सुटतात. काकू आता लिफ्टसमोर त्यांच्या कानाशी गुणगुणतात आणि काका आत जातात, मी डोळ्यांनी बघितलंय. पुण्यात नर्तक ऋषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी नाचाचे वर्ग चालवले, न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमध्ये तर 2001 पासून असे वर्ग चालू आहेत. आपल्याकडे वर्ग वगैरे काही नाही, एक स्पीकर आणि चौदा बायका. काका पहिल्यांदा आले तेव्हा काठी घट्ट धरून दारात उभे, अर्थात दारातच अडकले होते, तर आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि ते आत आले, आणि मग मला म्हणाले, मॅडम, मी शाळेत लेझीम पथकाचा लीडर होतो. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरून लेझीम काढून आणलं. हात थरथरतो म्हणून ते सारखंच वाजतं, त्यावर काका स्वतःच म्हणाले, बघा, माझं ऑटोमॅटिक आहे.

आता हे सगळे कुठे आहेत सांगते. गेले पाच आठवडे आम्ही खालच्या पार्किंगमध्ये जमतो, दोन खांबांच्या मध्ये, जिथे कोणाची गाडी नाही. खाली काँक्रीट, गुडघ्यांना मार बसतो. एका कोपऱ्यात बाईकचं तेल सांडलेलं असतं, त्यावर आम्ही रद्दी पसरतो. गाड्या येतात-जातात तेव्हा थांबावं लागतं. सुरक्षिततेसाठी आम्हाला हॉलमधून काढलं आणि आम्ही तेलावर नाचतोय. चौदाच्या आता आठ उरल्यात. न येणाऱ्यांमध्ये बी विंगच्या काकू आहेत, त्यांना पार्किंगमध्ये लाज वाटते. मी त्यांच्या घरी जाऊन आले, दारात बोलल्या, बऱ्या आहेत म्हणाल्या.

मागण्या फार नाहीत. मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते सहा, हॉल परत द्या. श्रावण तोंडावर आलाय, मंगळागौरीचे खेळ बसवायचे आहेत, यंदा ई विंगमध्ये नवीन लग्न झालेली मुलगी आलीय आणि तिला स्वतःलाच हौस आहे, तिच्या सासूला आम्ही भरीस घातलंय. भाडं घ्यायचं तर घ्या, बर्थडे पार्टीचं घेता तेवढं नाही पण काहीतरी ठरवा. सगळ्यांचे डॉक्टरांचे फिटनेसचे कागद आणि घरच्यांचे फोन नंबर आम्ही फाइलला लावून देऊ, फिजिओवाल्या मुलीनं हजर राहायचं कबूल केलंय. व्हिडिओ काढायचा नाही असा नियम आम्ही आमच्यात केलाय, तो तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी. बिनकामाचा मोबाईल बाजूला पडला की तासभर बरं पण वाटतं.

हे तुम्हाला जमत नसेल तर वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तिथे मी हा विषय लेखी देणार आहे आणि हात वर करून मतदान मागणार आहे. आमच्यातल्या बहुतेक जणी सभेला कधी येत नाहीत, नवरा नाहीतर मुलगा जातो. यंदा येतील. फ्लॅट कोणाकोणाच्या नावावर आहेत ते खजिनदारांनी रजिस्टरमध्ये एकदा बघून ठेवावं.

पण तोपर्यंत भांडण कशाला. येत्या मंगळवारी पाच वाजता कमिटीतल्या कोणीही दोघांनी या, नुसतं बघायला या, खुर्ची देऊ. सेक्रेटरी साहेबांनी आलंच पाहिजे असं लेझीमवाल्या काकांचं म्हणणं आहे, नागीण डान्सचं त्यांनी पण बघितलंय. हॉल उघडणार असाल तर सोमवारपर्यंत वॉचमनकडे चावी ठेवा, आणि तो लाल कार्पेट तेवढा आधी गुंडाळून बाजूला ठेवायला सांगा. फार जड आहे तो, आम्हा बायकांच्यानं उचलत नाही.

आपली,
बी विंगमधली ऑपरेटर बाई